मुदत खंडेनवमीपर्यंत

आजवर आम्ही अर्ज दिले. आता मुदत देत आहोत.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी बांधकामाच्या निविदा काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयासाठी हे लिहिले आहे. रस्ता असो, शाळा असो, आरोग्य केंद्र असो की किनाऱ्यावरचा धूपप्रतिबंधक बंधारा. खाते कोणतेही असो.

लिहिणारे आम्ही. चिरेखाणवाले, क्रशरवाले, डंपरवाले, हातपाटीने वाळू काढणारे, पेव्हर ब्लॉक पाडणारे. तालुक्यातालुक्यात आमची माणसे आहेत. आतापर्यंत आम्ही एकेकटे येत होतो. यापुढे एकत्र येऊ.

मागणी साधी आहे. कामाला लागणारा माल या जिल्ह्यात मिळत असेल, चाचणीत उतरत असेल आणि दरसूचीच्या भावात मिळत असेल, तर तो इथूनच घ्यावा. तशी अट निविदेत लिहावी. बिल निघाले की मालाचे पैसे माल देणाऱ्याच्या हाती पडावेत.

भाव वाढवून मागितलेला नाही. चाचणी सैल करा, असेही म्हटलेले नाही.

आम्ही कसे वागलो, ते आधी सांगतो. पुढे कसे वागू, ते नंतर.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. दापोली, मंडणगडात रस्त्यांवर झाडे आडवी झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. बाजारपेठेतला गाळ उपसायला आमचे जेसीबी आणि डंपर गेले. कार्यादेश मागितला नाही. डिझेलचे पैसे काहींनी मागितले, काहींनी मागितलेही नाहीत.

दरड कोसळली की रात्री फोन येतो. आम्ही जातो. पावसात जातो.

तोच फोन दसऱ्यानंतर येत नाही. तेव्हा निविदा निघालेली असते, ठेका गेलेला असतो आणि माल कुठून यायचा हे ठरून गेलेले असते.

अंदाजपत्रक कसे तयार होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी लिहितो. लोकांनाही ते कळले पाहिजे.

कामाच्या जागेला जवळची खाण कोणती, क्रशर कोणता, वाळू कुठली, हे क्वारी चार्टवर दाखवतात. अंतर मोजतात. त्या अंतराची लीड, म्हणजे वाहतुकीचे भाडे, बसते. दरसूचीतला मूळ दर आणि वर लीड, असा खडीचा, चिऱ्याचा, मुरमाचा भाव ठरतो. उपअभियंता सही करतो. कार्यकारी अभियंता सही करतो. तांत्रिक मान्यता मिळते.

त्या चार्टवर आमच्या गावाचे नाव असते. आमच्या खाणीचे अंतर असते. आमच्या खाणीच्या हिशेबाने पैसे मंजूर होतात.

काम सुरू झाले की त्या खाणीतून एक ब्रासही उचलला जात नाही.

मोठा ठेकेदार स्वतःचा क्रशर आणतो. गौण खनिजाचा तात्पुरता परवाना घेतो आणि डोंगराला हात घालतो. ज्याची स्वतःची ब्लॉकची फॅक्टरी आहे, तो घाटावरून ब्लॉक उतरवतो. नकाशा पुण्या-मुंबईच्या सल्लागाराने काढलेला असेल, तर त्यात चिरा मुळात नसतोच. कागदावर खाण जवळची, ट्रकमध्ये माल लांबचा.

हे आम्ही तोंडी सांगितले. लेखी सांगितले. पोच घेतली. पोचपावत्या आमच्या फायलीत आहेत. उत्तरे नाहीत.

चिऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे.

चिरा जांभ्या दगडाचा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. कटर त्यात सहज फिरतो. उन्हावाऱ्यात पडला की घट्ट होतो. पावसात खाणीत पाणी भरते, काम थांबते. म्हणून खाणवाला मे संपण्याआधी चिरे काढून थप्प्या लावतो. मजुरांचे पैसे त्याने दिलेले असतात. कटरच्या पात्याचे, डिझेलचे, रॉयल्टीचे दिलेले असतात. सगळा पैसा चार महिने त्या थप्पीत पडून राहतो.

पूर्वी गणपतीनंतर थप्पी उठायची. पहिली गाडी सरकारी कामाला जायची. शाळेची खोली, तलाठ्याचे कार्यालय, ग्रामपंचायतीचा कठडा.

आता खाणीवर या आणि बघा. दोन पावसाळे खाल्लेल्या थप्प्या आहेत. खालच्या थरावर शेवाळ चढले आहे, फटीतून भेंड उगवली आहे. तिथून हाकेच्या अंतरावर प्राथमिक शाळेच्या नव्या खोल्या उभ्या आहेत. भिंती ब्लॉकच्या. ते ब्लॉक घाट उतरून आले. त्या शाळेत खाणीवरच्या मजुरांची मुले बसतात.

चिरा टिकत नाही, असे कुणी म्हणणार असेल, तर त्याने विजयदुर्ग बघावा. तट जांभ्याचा आहे, खाली समुद्र आहे. जुन्या गोव्यातले बॉम जीझसचे चर्च १६०५ मध्ये पूर्ण झाले. तेही जांभ्याचे. या किनाऱ्याचा पाऊस या दगडाने चारशे वर्षे घेतला आहे.

राखेच्या विटांची सक्ती पुढे केली जाते. त्या सक्तीची केंद्राची अधिसूचना आम्हीही वाचली आहे. ३१ डिसेंबर २०२१ ची. राखेचा माल पर्यायी मालापेक्षा महाग पडत नसेल तर, असे तिच्यातच लिहिले आहे. भाडे धरून इथे तो कितीला पडतो, याचा तक्ता एकाही कार्यालयाने आम्हाला दाखवलेला नाही.

आता पैशाचे.

ज्यांचा माल घेतला जातो, त्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा बरी नाही. ठेकेदार उधारीवर उचलतो. बिल निघाले की देतो, म्हणतो. बिल निघते. मग पुढचे बिल निघाले की देतो, म्हणतो. काम संपते, त्याची यंत्रे जातात, फोन बंद होतो.

आमच्यातल्या एका डंपरवाल्याची वही आमच्यापुढे आहे. तारीख, गाडीचा नंबर, ब्रास, ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही. पानामागून पाने. प्रत्येक फेरीचा वाहतूक पास 'महाखनिज'वर निघालेला आहे. माल पोचल्याचा पुरावा सरकारच्याच संगणकात आहे. रस्ता झाला, त्यावरून एसटी धावते. वहीतला हिशेब मिटलेला नाही. डंपरचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातो.

रॉयल्टीचे बघा. ब्रासमागे ६०० रुपये. ती बुडालेली चालत नाही. ठेकेदाराने रॉयल्टीच्या पावत्या जोडल्या नाहीत, तर त्याच्या बिलातून रक्कम कापली जाते. म्हणजे बिल अडवण्याची, कापण्याची सोय आपल्याकडे आहे. सरकारच्या पैशासाठी ती वापरली जाते. खाणवाल्याच्या पैशासाठी तीच वापरा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

२०२५ मध्ये सरकारने कृत्रिम वाळूचे धोरण आणले. युनिट घाला, म्हणाले. त्या वाळूची रॉयल्टी ६०० वरून २०० वर आणली. आमच्यातल्या तरुणांनी विश्वास ठेवला, जमीन तारण ठेवली, यंत्रे आणली. धोरण पाळायचे, तर निविदेत त्याचे पाऊल उमटले पाहिजे. बँक धोरण बघत नाही. हप्ता बघते.

कायद्याचे उत्तर आम्हाला ठरावीक मिळते. स्थानिकांना प्राधान्य देता येत नाही, घटनेचे कलम १४ आड येते.

बाहेरच्यांवर बंदीची मागणी आम्ही केलेलीच नाही. काम कुणीही घ्यावे. नागपूरच्या माणसाने घ्यावे, हैदराबादच्या माणसाने घ्यावे. त्याच भावात, त्याच दर्जाचा माल इथे असेल, तर पहिली संधी इथल्याला मिळावी.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. सरकारी खरेदीबाबत केंद्राचा १५ जून २०१७ चा आदेश आहे. देशी भाग ५० टक्के वा अधिक असलेला पुरवठादार सर्वांत कमी भावाच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच कमी भावात माल देण्याची संधी त्याला मिळते. तिथे हद्द देशाची आहे. तत्त्व तेच आहे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचे धोरणही केंद्राचेच. पण बांधकामाचे ठेके त्या धोरणाबाहेर ठेवले आहेत. त्यामुळे सिमेंटच्या पाइपचा कारखानदार कार्यालयाला थेट पाइप विकतो तेव्हा त्याला प्राधान्य असते, तोच पाइप रस्त्याच्या ठेक्यातून गेला की नसते.

राज्याचे म्हणाल, तर छोट्या कामांची ३३:३३:३४ ही वाटणी राज्यानेच केली. सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. १७ नोव्हेंबर २००८ चा शासन निर्णय उद्योगांत ८० टक्के स्थानिक माणसे घ्या, असे सांगतो. स्थानिक माणूस चालतो. स्थानिक दगडाला घटना आडवी येते, हे आम्हाला पटलेले नाही आणि पटणार नाही.

त्या ३३:३३:३४ चे पुढे काय झाले, तेही आम्ही पाहिले. तालुक्यातल्या छोट्या कामांची मोळी बांधायची आणि एकच मोठी निविदा काढायची. मग वाटणी लागू होत नाही. मजूर संस्था बाहेर, अभियंता मुलगा बाहेर. पात्रतेच्या अटीत आधी केलेल्या मोठ्या कामाचा दाखला मागायचा. त्या रकमेचे काम या जिल्ह्यात कुणाला मिळालेलेच नसते. दाखला येणार कुठून?

तमिळनाडूने निविदांचा स्वतंत्र कायदा १९९८ मध्ये केला. कर्नाटकाने १९९९ मध्ये. राजस्थानने २०१२ मध्ये. महाराष्ट्रात आजही शासन निर्णयांवर भागवले जाते. शासन निर्णय एका सहीने निघतो. मग आमच्या मागणीला वर्षे का लागावीत?

दर्जाचा मुद्दा आम्ही टाळणार नाही. माल चाचणीला पाठवा. घन पाडा, भार द्या, पाण्याचे शोषण मोजा. ज्याचा माल नापास होईल, त्याच्यासाठी आमची संघटना एक शब्द बोलणार नाही. पण स्थानिक म्हणजे निकृष्ट, हे वाक्य आमच्यासमोर पुन्हा उच्चारू नये. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर महामार्गाचा उड्डाणपूल बांधता बांधता कोसळला. तो ठेका इथल्या कुणाचा नव्हता.

आता पुढचे.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. कटर, क्रशर, डंपर, लोडर. यंदाही करू. त्या दिवसापर्यंत लेखी निर्णय हाती आला नाही, तर दसऱ्यापासून यातले एकही यंत्र सरकारी ठेक्यासाठी फिरणार नाही.

खडी मिळणार नाही. चिरा, मुरूम, वाळू मिळणार नाही. डंपर भाड्याने मिळणार नाही.

लोकांच्या घरांना माल मिळत राहील. घरकुलाच्या लाभार्थ्याला मिळत राहील, आणि आधीच्याच भावात. देवळाच्या, मशिदीच्या, वाडीच्या कामाला मिळेल. दरड कोसळली, साकव वाहून गेला, रुग्णवाहिका अडकली, तर आम्ही पूर्वीसारखे येऊ. त्यासाठी फोनही करावा लागणार नाही.

कुणाची गाडी अडवली जाणार नाही. कुणाच्या प्लांटवर कुणी जाणार नाही. आमचा माल आम्ही विकणार नाही, इतकेच. त्यासाठी परवानगी लागत नाही.

आपले वेळापत्रक आम्हाला पाठ आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो. ३१ मार्चला निधीचा हिशेब बंद होतो. मे संपता संपता पुन्हा ढग येतात. कोकणात बांधकामाला मिळतात ते एवढेच महिने. त्यातले नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी गेले, की मार्चअखेरीला दाखवायला काम उरत नाही. निधी परत जातो. तो का परत गेला, याचे उत्तर आमदारांना आम्ही देणार नाही. आपल्याला द्यावे लागेल.

माल घाटावरून आणता येईल. आणावा. करूळ, फोंडा, आंबोली, आंबा, कुंभार्ली. जो घाट सोयीचा वाटेल, तो घ्यावा.

मात्र अंदाजपत्रकात लीड आमच्या खाणीची आहे. वाढीव लीड दिली, तर ती कुणाच्या मंजुरीने दिली, हे आम्ही माहितीच्या अधिकारात विचारू. दिली नाही, तर तेवढ्या भाड्यात लांबचा माल कसा परवडला आणि त्यात कुठे काटछाट झाली, हे विचारू. एका कामाचे विचारणार नाही. प्रत्येक कामाचे विचारू. क्वारी चार्ट, लीडचा तक्ता, रॉयल्टीच्या पावत्या, चाचणीचे अहवाल, मोजमाप पुस्तकाच्या प्रती. अर्ज लिहून तयार आहेत. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. मिळालेले कागद महालेखापालांकडे जातील.

जुन्या उधारीचे वेगळे. आमच्या क्रशरची उद्यम नोंदणी आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाही दिले, तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. एवढी वर्षे हे व्याज कुणी मागितले नाही. ठेकेदाराशी संबंध बिघडू नयेत, म्हणून मागितले नाही. आता मागू. त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेपुढे प्रत्येकाचा दावा स्वतंत्र दाखल होईल. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे बाहेरून आलेल्या ठेकेदारांनी आपल्या वकिलाला विचारून घ्यावे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे. मुदतीत न दिलेले पैसे, ते प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. वह्या आमच्याकडे आहेत. त्यांच्या विवरणपत्रात काय आहे, ते आयकर खाते बघेल.

आणि न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या अखत्यारीत आहेत. पूर्वी मुंबईला जायचे म्हणजे वकील, लॉज, दोन दिवसांची मजुरी. पुष्कळांनी त्यापायी नाद सोडला. आता सकाळी घाट चढून संध्याकाळी घरी येता येते. याचिकेचा मसुदा झाला आहे.

फोडाफोडी होईल, याची कल्पना आहे. एखाद्या क्रशरला रोख पैसे दाखवले जातील. एखाद्या खाणीचा परवाना अचानक तपासायला निघेल. एखाद्या डंपरवर ओव्हरलोडचा दंड पडेल. कागद चुकीचे असतील, तर दंड भरू. पण नोटिसा फक्त संघटनेतल्यांनाच आल्या, तर त्या सगळ्या तारखांसह न्यायालयापुढे ठेवल्या जातील. ज्याचा क्रशर बंद राहील, त्याचा बँकेचा हप्ता थकू द्यायचा नाही, हेही आम्ही ठरवले आहे. निधी जमा आहे.

आम्ही किती दिवस थांबू शकतो, याचा अंदाज आपण बांधत असाल. थप्पीतला चिरा नासत नाही. खडी सडत नाही.

बाहेरच्या ठेकेदारांशी आमचे वैर नाही. त्यांच्यातल्या काहींनी आमचे पैसे वेळेवर दिले आहेत. त्यांची नावे आम्ही आदराने घेतो. अट निविदेत असली, तर तेही पाळतील. अट नसताना ज्याने पाळली, त्याला महाग पडले, कारण त्याच्या शेजारच्याने पाळली नव्हती.

अपेक्षित उत्तर असे.

येत्या हंगामाच्या निविदांत गौण खनिज आणि स्थानिक बांधकाम साहित्याच्या पहिल्या संधीची अट असावी. क्वारी चार्टवर जी खाण दाखवली, तिथला माल घ्यावा. न घेतल्यास कारण लेखी नोंदवावे आणि लीड प्रत्यक्ष अंतराने तपासावी. मालाचे पैसे दिल्याचा पुरवठादाराचा दाखला जोडल्याशिवाय अंतिम बिल निघू नये, सुरक्षा ठेव सुटू नये. रॉयल्टीच्या पावत्यांशेजारी आणखी एक कागद, यापेक्षा जास्त काम वाढत नाही. छोटी कामे एकत्र बांधणे थांबावे. ज्या इमारतींना चिरा चालतो, त्यांच्या नकाशात चिरा असावा.

बैठकीचे निमंत्रण हे उत्तर धरले जाणार नाही. बैठका झाल्या. चहा झाला. 'सकारात्मक आहोत' हे ऐकून झाले. वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवला आहे, हेही उत्तर धरले जाणार नाही. प्रस्तावाचा दिनांक आणि जावक क्रमांक कळवला, तर त्याचा पाठपुरावा आम्ही मंत्रालयात स्वतः करू. मुदत मात्र तीच राहील.

निर्णय लेखी द्यावा. सहीचा, शिक्क्याचा. तो तालुक्याच्या प्रत्येक उपविभागीय कार्यालयाच्या फलकावर लावावा, म्हणजे खाणीवरच्या माणसालाही वाचता येईल. खंडेनवमीला संध्याकाळी सहा वाजता आमची माणसे प्रत्येक फलकासमोर जाऊन बघतील. सातला सगळ्या तालुक्यांतून फोन येतील. त्यानंतर क्रशरच्या विजेचे मेन स्विच खाली करायचे की नाही, एवढाच निर्णय बाकी असेल, आणि तोही झालेला आहे.